मांजरासह सर्वांची ना हरकत

आमच्या लघुपटात कॅमेऱ्याच्या आधी कागद आले, आणि त्यात काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. मी विमा कंपनीत दावे तपासतो. समोरच्या माणसाचा हात मोडलेला मला धडधडीत दिसत असला, तरी तो मोडल्याचा कागद नसेल तर माझ्या लेखी तो हात शाबूत असतो. घरचे याला माझा स्वभाव म्हणतात. मी याला शिस्त म्हणतो.

तर झालं असं की, आमच्या वाचनालयाने एक सूचना लावली. ‘आपल्यातली माणसं’ या विषयावर सभासदांनी छोटे चित्रपट करून द्यावेत, निवडक चित्रपट वाचनालयाच्या सभागृहात दाखवले जातील. बायकोने ती सूचना वाचली आणि घरी येऊन हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, "अहो, आपण बाबांवर करू या."

बाबा म्हणजे माझे वडील. दुकानांच्या पाट्या रंगवतात. आमच्या रस्त्यावरून चालत गेलात तर चपलांच्या दुकानापासून औषधांच्या दुकानापर्यंत जेवढ्या म्हणून हातांनी रंगवलेल्या पाट्या उरल्या आहेत, तेवढ्या सगळ्या बाबांच्या. उरल्या आहेत असं म्हणतो, कारण हल्ली लोक कापडी फलक छापून घेतात. ते वर्षभरात विटतात, फाटतात, मग पुन्हा छापतात. बाबांना या प्रकाराचा भयंकर राग आहे. छापील फलकाखालून जाताना ते मान खाली घालून जातात, आणि एखादा फाटलेला दिसला की घरी येऊन चहा मागतात.

पण अलीकडे बाबांचा उजवा हात थरथरायला लागला होता. बशी उचलली की कप वाजायचा. डॉक्टर म्हणाले, वाढत जाईल, गोळ्यांनी जरा आवरेल, बरं असं होणार नाही. त्यातच कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने नवी पाटी रंगवायला दिली. ‘केशकर्तनालय’ असा सगळा शब्द लिहायचा होता. बाबांनी काम घेतलं आणि जेवताना सांगून टाकलं, "ही शेवटची." बायकोने त्यांना भाजी वाढली. तेव्हा बाबा पाटी रंगवताना टिपायचे असतील, तर हीच एक पाटी हाताशी होती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

बायको म्हणाली, "उद्याच सुरू करू. माझ्या फोनचा कॅमेरा चांगला आहे."

मी मात्र सूचनेची शेवटची ओळ वाचली होती. तपासनिसाची नजर आधी शेवटच्या ओळीवर जाते. तिथे लिहिलं होतं, ‘चित्रीकरणासाठी आवश्यक त्या सर्व परवानग्या जोडाव्यात.’

"आवश्यक त्या म्हणजे कोणत्या?" मी विचारलं.

"ज्या लागतील त्या," बायको म्हणाली.

अशाच उत्तरांमुळे लोकांचे दावे नामंजूर होतात, हे मी तिला समजावून सांगितलं. तिने ऐकलं की नाही माहीत नाही, कारण ती तोवर स्वयंपाकघरात गेली होती.

आमच्या वरच्या मजल्यावर कलमकाका राहतात. न्यायालयात टंकलेखक होते, आता निवृत्त. आयुष्यभर दुसऱ्यांचे खटले टाइप केल्यामुळे कायदा आपल्या बोटांत उतरला आहे, अशी त्यांची समजूत आहे. जिन्यात कोणी सायकल लावली तरी त्यांना एखादं कलम आठवतं. मी त्यांना विचारायला गेलो नव्हतो. बायको गॅलरीतून मोठ्याने बोलते आणि काका गॅलरीतच बसतात, एवढंच कारण. संध्याकाळी ते स्वतः खाली आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "सिनेमा काढताय म्हणे. आत जायची हौस आहे का?"

"आत म्हणजे?"

"आत म्हणजे आत." त्यांनी दोन्ही हातांनी गज धरून दाखवले.

मग काकांनी मला कायदा समजावला. पाटी म्हणजे त्या दुकानाचं चिन्ह, ते मालकाला न विचारता दाखवायचं नाही. रस्ता सार्वजनिक, म्हणजे तो सगळ्यांचा, म्हणजेच तो माझा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचं तोंड ही त्याची खाजगी मालमत्ता. आणि संगीत? संगीताचं नाव काढताच काकांनी डोळेच मिटले.

"मी आपलं एखादं जुनं गाणं मागे ठेवणार होते," बायको म्हणाली.

"सूनबाई, शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, ध्वनिमुद्रण तिसऱ्याचं. तिघंही वेगवेगळे खटले भरतात."

"मग हे गुणगुणतील नुसतं."

"चाल कोणाची गुणगुणणार?"

"यांनी गुणगुणलं की ती कोणाचीच राहत नाही," बायको म्हणाली. माझ्या आवाजाचा विषय निघाला की घरात नेहमी असंच होतं, म्हणून मी तो थांबवला आणि संगीत रद्द केलं.

बाबा मागच्या खोलीच्या दारात उभे राहून हे सगळं ऐकत होते. मी त्यांना म्हटलं, "बाबा, तुम्ही काळजी करू नका. सगळं रीतसर होईल." ते काही न बोलता आत गेले. काम सुरू व्हायच्या आधी ते असेच गप्प असतात, असं मी गृहीत धरलं.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयातून संमतीपत्राचा एक उत्तम मसुदा तयार करून आणला. नाव, पत्ता, ‘मी खाली सही करणार/करणारी’, कारण, अटी, साक्षीदार. भरपूर प्रती काढल्या आणि त्याच्या पुढच्या दिवशी रस्त्यावर निघालो.

चपलांच्या दुकानदाराने कागद वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाला, "सही करतो, पण समोरचं दुकान दिसता कामा नये." समोरचंही चपलांचंच दुकान होतं. मी समोर गेलो. त्याची तीच अट होती. दोघांच्याही पाट्या बाबांनीच रंगवलेल्या, एकमेकींकडे तोंड करून वर्षानुवर्षं लटकलेल्या. शेवटी बायकोने तोडगा काढला की दोन्ही दुकानं वेगवेगळ्या बाजूंनी टिपायची, म्हणजे प्रत्येकाला वाटेल की समोर काहीच नाही. हा तोडगा मी दोन्ही संमतीपत्रांच्या पाठीमागे लिहून घेतला.

औषधवाला म्हणाला, "माझी पाटी नको."

"का हो? बाबांनी किती सुंदर रंगवली आहे."

"सुंदर आहे, नाही कोण म्हणतो? तिच्यावर परवान्याचा क्रमांक आहे. त्याचं नूतनीकरण जरा राहिलंय." असं म्हणून त्याने माझ्या हातात खोकल्याच्या गोळ्या ठेवल्या. मला खोकला नव्हता. तपासनीस या नात्याने मी त्या परत केल्या, आणि तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलत नाही.

सलूनवाला मात्र खूश झाला. तो सही करायला इतका उतावीळ होता की गिऱ्हाईक तसंच फेसात सोडून आला. त्याची एकच विनंती होती, की चित्रीकरणाच्या आधी त्याला केस काळे करायला वेळ मिळावा. मी म्हटलं, मिळेल. मग काकांचं बोलणं आठवून मी खुर्चीतल्या गिऱ्हाइकापुढेही कागद धरला. अर्धा गाल फेसाचा, अर्धा गुळगुळीत, अशा अवस्थेत तो माणूस ताडकन उठला.

"माझं तोंड कुठेही दिसता कामा नये! मी आज आजारी आहे."

"तब्येत तर ठणठणीत दिसते."

"कार्यालयात आजारी आहे हो!" तो कळवळून म्हणाला. आता हा कोणत्या कार्यालयातला, हे विचारायची मला फार इच्छा झाली, पण मी स्वतः त्या दिवशी कार्यालयात आजारीच होतो. आम्ही दोघांनी एकमेकांना पाहिलं नाही, असं तोंडी ठरलं.

रेडिओचं प्रकरण तर विसरायलाच हवं. शेजारच्या बाई सकाळपासून रेडिओ लावतात आणि तो बाबांच्या खोलीत ऐकू येतो. काका म्हणाले, मागून गाणं ऐकू आलं तरी अडकलात. मी अत्यंत नम्रपणे त्या बाईंकडे जाऊन चित्रीकरणापुरता रेडिओ बंद ठेवण्याची विनंती केली. त्या म्हणाल्या, "तुमच्या सासुरवाडीची माणसं येतात तेव्हा मी म्हणते का, त्यांना बंद करा म्हणून?" मी सही न घेता परत आलो, आणि हे बायकोला सांगितलं नाही. तिला ते भिंतीतून ऐकू आलंच होतं.

मग नगरपालिका. तिथला अर्ज मोठमोठ्या चित्रपटांसाठी केलेला होता. जनरेटर किती, रोषणाईचे खांब किती, स्फोट होणार आहेत का, होणार असल्यास किती वाजता. मी प्रत्येक ठिकाणी ‘नाही’ लिहीत गेलो आणि एका रकान्यापाशी थांबलो. ‘वापरण्यात येणारे प्राणी.’

आता बाबांच्या खोलीत एक मांजर येतं. कोणाचं आहे माहीत नाही. बाबा रंगवायला बसले की ते रंगाच्या डब्यांमागे येऊन झोपतं. ते चित्रीकरणाच्या दिवशीही येणार, हे मला माहीत होतं. माहीत असून लपवलं तर ती खोटी माहिती झाली. दुसऱ्या कोणी ‘नाही’ लिहिलं असतं. मी लिहिलं, ‘एक मांजर, स्वतःहून येते.’

खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला. "हे कशाला लिहिलंत?"

"खरं आहे म्हणून."

"आता हे मला प्राणी विभागाकडे पाठवावं लागेल." त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी मांजर नव्हे, वाघ आणणार आहे.

प्राणी विभागातले साहेब स्वभावाने चांगले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि विचारलं, "मांजराचं काम काय?"

"झोपायचं."

"झोपेचं औषध देणार?"

"नाही हो. त्याला तसंच येतं."

"मालक कोण?"

"कोणीच नाही."

"मग मांजर तुमचं नसताना त्याच्यासाठी परवानगी तुम्ही कशी मागता?"

प्रश्न बिनतोड होता. दावे तपासताना मी स्वतः असे प्रश्न विचारतो, तेव्हा समोरच्याला काय वाटत असेल हे मला त्या खुर्चीत बसून कळलं. शेवटी ते म्हणाले, येऊन मांजर बघावं लागेल. ते आले त्या दिवशी मांजर आलं नाही. पुन्हा आले तेव्हा होतं, पण त्यांच्या बुटांचा वास घेऊन निघून गेलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी बाबांच्या शेजारी बसून चहा घेतला, मांजर डब्यांमागे झोपलं, आणि त्यांनी लिहून दिलं, ‘सदर मांजरास चित्रीकरणापासून उपद्रव होईल असे दिसत नाही.’ खाली सही आणि शिक्का.

हा कागद हातात आल्यावर मला जे समाधान वाटलं, ते मी कोणापुढे मांडू शकलो नाही. बायकोने तो वाचला आणि पोट धरून हसली. बाबांनीही वाचला. हातात धरला तेव्हा कागद फडफडत होता, म्हणून त्यांनी तो मांडीवर ठेवून वाचला. हसले नाहीत.

या सगळ्या धावपळीत दिवस गेले होते. सलूनवाल्याने एकदा केस काळे केले, ते पांढरे होत आले, पुन्हा काळे केले. पाटी मागच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती, पांढरा रंग देऊन तयार, वर अक्षर एकही नाही. बाबा रोज तिच्यासमोर बसायचे आणि उठायचे. मला वाटायचं, ते चित्रीकरणासाठी थांबलेत. मनात म्हणायचो, किती समजूतदार माणूस.

शेवटी तो रविवार उजाडला. कागदांची जाडजूड चळत मी टेबलावर रचली, वर मांजराचा कागद ठेवला. बायकोने फोन स्टुलावर पुस्तकं रचून त्यावर बसवला. कलमकाका ‘काही अडलं तर असू दे’ म्हणून येऊन बसले होते. रेडिओवाल्या बाईंनी रेडिओ जरा जास्तच मोठा लावला होता, पण बायकोने खिडकी लावून घेतली. मांजर हजर होतं.

"बाबा, चला," मी म्हटलं. "बसा पाटीसमोर."

बाबा दारात उभे होते. "मी नाही बसणार."

"म्हणजे? पाय दुखतात का?"

"पाय दुखत नाहीत. मला त्या फोनमध्ये यायचं नाही."

"अहो बाबा, सगळ्यांच्या परवानग्या घेतल्यात!"

"हो ना," बाबा म्हणाले. "चपलावाल्याला विचारलंस, न्हाव्याला विचारलंस, मांजराला विचारलंस. मला विचारलंस?"

कलमकाका छताकडे बघायला लागले. अशा वेळी माणूस जे बोलतो तेच मी बोललो. "घरच्याच माणसाला काय विचारायचं, बाबा?"

बाबा मागे वळले आणि चपला घालून बाहेर पडले. मांजरही त्यांच्यामागून गेलं. मी टेबलाजवळ जाऊन चळत तपासली. बाबांची सही खरंच नव्हती. रस्त्यावरच्या एवढ्या साऱ्या माणसांची संमती होती आणि ज्याच्यावर चित्रपट, त्याच्या नावाचा कागदच नव्हता. ही चूक माझ्या हाताखालच्या माणसाने केली असती, तर मी त्याला सगळ्यांदेखत झापलं असतं.

"कायद्याने वडिलांवर सक्ती करता येते का, काका?" मी विचारलं.

"बघावं लागेल," असं म्हणून काका वर गेले, आणि त्या दिवशी गॅलरीत दिसले नाहीत.

बायकोची एक मैत्रीण वकील आहे. वाचनालयाच्या समितीवरही आहे. तिच्याकडे आधीच का नाही गेलो, असं तुम्ही विचाराल. बायकोही तेच विचारत होती, आणि वाटभर विचारत होती. वकीलबाईंनी माझी चळत शांतपणे चाळली. मांजराच्या कागदापाशी त्यांना पाणी प्यावं लागलं.

"मेहनत खूप घेतलीत," त्या म्हणाल्या. "रस्त्याची परवानगी घेतलीत ते बरं केलंत. गाणं टाळलंत तेही शहाणपणाचं. पण रस्त्यावरची पाटी ओझरती दिसली तर सहसा कोणी काही म्हणत नाही. येणारे-जाणारे दुरून दिसले तरी तसंच. यातले बरेच कागद नसते तरी चाललं असतं."

"मग आवश्यक परवानगी म्हणजे कोणती?"

"ज्या माणसाबद्दल चित्रपट आहे, त्याची. तो काय दाखवू द्यायला तयार आहे, काय नाही, हे आधी बसून विचारायचं. तयारी तिथून सुरू होते."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"तर नाही," वकीलबाई म्हणाल्या. "विचारणं म्हणजे दुसरं काय असतं?"

परतीच्या वाटेवर बायको एक शब्द बोलली नाही. तिने टोमणा मारला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

घरी आलो तर बाबा मागच्या खोलीत पाटीसमोर बसले होते. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो. आजवर मी त्यांना हजारदा ‘हे करू या’, ‘तिकडे जाऊ या’, ‘डॉक्टरांची वेळ घेतली आहे’ असं सांगितलं असेल. विचारलं कधी होतं, ते आठवेना.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्हाला पाटी रंगवताना टिपलं तर चालेल का?"

"नाही चालणार," बाबा म्हणाले.

मी त्या उत्तराची तयारी करून गेलो नव्हतो. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की मी विचारलं, एवढ्यावर ते विरघळतील. तसाच बसून राहिलो.

मग बाबांनीच ब्रश उचलला आणि कोऱ्या पाटीसमोर हवेत धरला. ब्रशचं टोक इकडून तिकडे हलत होतं. त्यांनी तो मला नीट दिसेपर्यंत धरला आणि खाली ठेवला.

"या रस्त्याने माझी सरळ रेघ बघितली आहे," ते म्हणाले. "आता त्या सभागृहात सगळ्यांना हे दाखवणार तुम्ही? वर म्हणणार, आपल्यातली माणसं."

"तसं नव्हतं हो बाबा माझ्या मनात. हात आहे तोवर तुमचं काम टिपून ठेवावं, म्हणून…"

"हात नाहीच राहिला. रोज बसतो इथे. तुला काय वाटलं, तुझ्या कागदांसाठी थांबलो होतो?"

मला अगदी तसंच वाटलं होतं. मी मान खाली घातली. बायको दारात येऊन उभी राहिली होती, तिने पदराने डोळे पुसले.

मग बाबा म्हणाले, "आवाज घ्या माझा. आवाजाला काही झालेलं नाही. हात दुसऱ्याचा घ्या."

"कोणाचा?" मी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

लहानपणी बाबांनी मला रंगाच्या डब्याला हात लावू दिला नव्हता, कारण मी फासतो. शाळेत माझ्या वहीवर शेरा असायचा, ‘अक्षर सुधारावे.’ विमा कंपनीतही माझे शेरे मीच वाचून दाखवतो. हे सगळं मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "माहीत आहे. पाटीवर आडवी काठी धर, तिच्यावर मनगट टेक, आणि श्वास सोडत रेघ ओढ."

आणि मग जे झालं ते सांगण्यासारखं नाही, पण बायकोने ते सगळं टिपून ठेवलं असल्यामुळे न सांगूनही उपयोग नाही. बाबा मागे खुर्चीत बसून सूचना देत होते. इतके दिवस गप्प असलेला माणूस असा काही बोलायला लागला की शेजारच्या बाईंनी ऐकण्यासाठी रेडिओ बंद केला.

"अरे, रंग किती घेतलास, आंघोळ घालायची आहे का पाटीला? पूस. पुन्हा काढ. दांडा सरळ खाली, पोटातून. तुझ्या नव्हे, अक्षराच्या पोटातून. तुझं पोट आत घे, आड येतंय. पूस. पुन्हा काढ."

मी पुसत होतो आणि काढत होतो. बाही निळी झाली, कान कसा निळा झाला कळलं नाही. जीभ बाहेर काढून मी रेघ ओढतो, हे मला या वयात कळलं. मधूनच बाबा अक्षरांबद्दल सांगायचे. कोणत्या दुकानाला जाड अक्षर शोभतं, कोणत्या मालकाला आपलं नाव भलं मोठं हवं असायचं आणि त्याला ते लहानच कसं बरं दिसतं हे पटवायला किती चहा प्यावे लागायचे, पाऊस कोणत्या बाजूने येतो ते बघून रंगाचा हात कुठे जास्त द्यायचा. मी त्यांचा मुलगा, आणि हे मला काहीच माहीत नव्हतं. विचारायला मी मान वळवली की ओरडायचे, "इकडे काय बघतोस? पाटीकडे बघ. गेली ना रेघ? पूस!"

‘केशकर्तनालय’ उतरलं एकदाचं. सुरुवातीची अक्षरं दाटीवाटीने बसली होती आणि शेवटचं अक्षर एकटंच लांब उभं होतं. सलूनवाला बघायला आला. केस पुन्हा काळे केलेले होते. त्याने पाटी बघितली, माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि म्हणाला, "लावतो मी. तुमच्या घरची आहे." त्याच्या जागी मी असतो तर लावली नसती.

संध्याकाळी बायकोने सगळं चित्रण लावून दाखवलं. त्यात बाबा कुठे दिसत नव्हते, त्यांचा आवाज मात्र खोली भरून होता. आणि सबंध वेळ दिसत होतो मी. माझं पोट, माझी जीभ, माझा निळा कान, आणि मला ‘गाढवा’ म्हणणारा तो खणखणीत आवाज.

"हे दाखवायचं नाही," मी म्हटलं. "कार्यालयातली माणसं वाचनालयाची सभासद आहेत. माझी काही पत आहे तिथे."

"तुम्हाला काढलं तर उरतं काय?" बायको म्हणाली. "मांजर."

"ते काही असो. माझी परवानगी घेतली होती का कोणी?"

"घरच्याच माणसाला काय विचारायचं?" असं म्हणून ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

बाबा उठले. टेबलावरच्या चळतीतून त्यांनी एक कोरं संमतीपत्र काढलं आणि माझ्यासमोर धरलं. कागद त्यांच्या हातात फडफडत होता. या वेळी त्यांनी तो मांडीवर ठेवला नाही.

"विचारतो आहे," ते म्हणाले. "तुला दाखवलं तर चालेल का?"

मी त्या कागदाकडे पाहिलं. मसुदा माझाच होता, ‘नाही’ म्हणायला त्यात जागा होती. सभागृहातले सगळे चेहरे माझ्या डोळ्यांसमोर आले, साहेबांसकट.

"चालेल," मी म्हटलं. त्यांच्या हातातून कागद घेतला आणि ‘मी खाली सही करणार’ या ओळीखाली सही केली. बोटांना अजून रंग होता, त्यामुळे शेवटी जरा फासली.

बाबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. दिव्याकडे तोंड करून बराच वेळ बघत राहिले. मी आपला सवयीने फडक्याकडे हात नेला.

"वाकडी आहे," बाबा म्हणाले. "राहू दे."